बॅकअप होता, तरी राउटर अडून बसला

‘बॅकअप घेऊन ठेवा, मग काळजी नाही’ असं जो तो सांगतो. माझ्याकडे राउटरच्या सेटिंग्जचा बॅकअप होता. लॅपटॉपवर एक, पेन ड्राइव्हवर एक, फाइलच्या नावात तारीखसुद्धा. जुना राउटर मेला तेव्हा त्याच मॉडेलचा नवा आणला, लॅन केबल लावली (रिस्टोर, म्हणजे बॅकअपमधून सेटिंग्ज परत भरणं, कधीही वाय-फायवरून करू नका, मध्येच तुटलं तर पंचाईत), ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ हे राउटरच्या सेटिंग्जचं पान उघडलं आणि फाइल दिली. पट्टी जराशी सरकली आणि लाल अक्षरं: फाइल अवैध.

का अवैध? ते सांगायची तसदी नाही. दोन्ही डबे उलटे करून स्टिकर वाचले तेव्हा कळलं. मॉडेल तेच, पण जुन्यावर हार्डवेअर व्ही१, नव्यावर व्ही२. ‘ही फाइल दुसऱ्या व्हर्जनची आहे’ एवढं लिहायला काय जात होतं?

मग सगळं हाताने. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड अक्षरन् अक्षर जुनेच ठेवले, त्यामुळे घरातली बाकी यंत्रं आपोआप जोडली गेली. पण इंटरनेट? माझ्या कनेक्शनला पीपीपीओईचा, म्हणजे इंटरनेट कंपनीच्या लॉगिनचा, युजरनेम-पासवर्ड लागतो, आणि तो त्या न उघडणाऱ्या फाइलमध्ये कोंडलेला. हेल्पलाइनवर ‘राउटर बंद करून चालू करा’ हा मंत्र. राउटर चालूच होता, बंद होतं ते इंटरनेट! बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर पासवर्ड मिळाला. टाकला. तरी कनेक्ट होईना. ‘तक्रार नोंदवली आहे, वाट पाहा.’

वाट पाहणं माझ्या स्वभावात नाही. कंपनीने कनेक्शन जुन्या राउटरच्या मॅक ॲड्रेसला, म्हणजे यंत्राच्या ओळख क्रमांकाला, बांधलेलं असणार, असा संशय आला. नव्या राउटरमध्ये मॅक क्लोनचा (दुसऱ्या यंत्राचा मॅक वापरायचा) रकाना होताच, त्यात जुन्या स्टिकरवरचा आकडा भरला. नाही. मग आठवलं, स्टिकरवर बहुधा लॅनचा (घरातल्या जोडणीचा) मॅक असतो आणि वॅनचा (बाहेरच्या इंटरनेट लाइनचा) पुष्कळदा एकाने पुढे. शेवटी ४ए होतं, ते ४बी केलं. दिवा हिरवा! हेल्पलाइनचा ‘तक्रार सोडवली’ असा मेसेज नंतर आला, तो वाचून हसावं की रडावं कळेना.

तेव्हा फाइलच्या नावात तारखेबरोबर मॉडेल, हार्डवेअर व्हर्जन आणि फर्मवेअरचं (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं) व्हर्जनही घाला. वॅनच्या पानाचा स्क्रीनशॉट काढा, त्यात व्हीलॅन आयडी (काही कंपन्या लाइनसाठी देतात तो क्रमांक) आणि मॅक दिसायला हवा. पासवर्ड तिथे ठिपक्यांत दिसतो, तो वेगळा लिहून ठेवा. आणि ती फाइल कुणालाही पाठवू नका, हेल्पलाइनलासुद्धा नाही. कित्येक मॉडेल्समध्ये आतले पासवर्ड जवळजवळ उघडेच असतात.

हो, एक राहिलंच. फाइल स्वीकारली गेली तर ॲडमिनचा पासवर्ड आणि राउटरचा पत्ताही बॅकअपच्या वेळचा होतो. पान अडकल्यासारखं दिसलं तरी प्लग उपटू नका, थोडं थांबून जुन्या पत्त्यावर जाऊन बघा.