सादळलेला कॉम्प्युटर

कोकणात पावसाळ्यात पापड सादळतात, काडेपेटी सादळते, आणि माजघरात प्लॅस्टिकच्या कव्हराखाली झाकून ठेवलेला जुना कॉम्प्युटरही सादळतो. गणपतीला चाकरमानी घरी येतात, जुने फोटो बघायचे म्हणून कोणीतरी बटण दाबतं. पंखा गरगरतो, स्क्रीन मात्र काळाच. ‘बोर्ड गेला’, म्हणजे आतली मुख्य सर्किटची पाटीच गेली, असा निकाल तिथल्या तिथे लागतो, आणि बऱ्याचदा तो चुकीचा असतो.

पंखा फिरतोय पण चित्र नाही, म्हणजे पहिला संशय रॅमवर, म्हणजे बोर्डावरच्या खाचेत उभ्या बसवलेल्या मेमरीच्या पट्टीवर. तिच्या कडेच्या कॉन्टॅक्टवर सोन्याचा मुलामा असतो, पण अगदी पातळ. खाऱ्या दमट हवेत त्याच्या बारीक छिद्रांतून खालचा धातू गंजायला लागतो. वरून बघितलं तर सगळं लख्ख. वायर प्लगमधून काढा, चालू करायचं बटण दहाएक सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज उतरेल. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मग रॅमच्या टोकांचे खटके बाहेर ढकला. (दमट हवेत अंगावरच्या स्थिर विजेची भीती कमी, एवढा एक फायदा आपल्या पदरात.) साधा पांढरा खोडरबर कॉन्टॅक्टवरून हलक्या हाताने फिरवा. शाई खोडायचा खरखरीत रबर नको, तो मुलामाच काढून टाकतो. चुरा कोरड्या ब्रशने झाडा, तोंडाने फुंकू नका. फुंकरीतही ओल असते. खाच जुळवून रॅम दाबली की खटके आपोआप टक् करून लागायला हवेत. रॅम दोन असतील तर एकेक लावून बघा. एवढं करण्याआधी झाकण उघडून दोन-तीन तास टेबलफॅनसमोर ठेवला असेल तर उत्तमच.

दुसरी कळीची गोष्ट म्हणजे बोर्डावरची चपटी बॅटरी, सीआर २०३२, ३ व्होल्टची. प्लग चालू असेपर्यंत कॉम्प्युटरच्या आतल्या घड्याळाचा भार तिच्यावर फारसा येत नाही. पण घर बंद, मेन स्विच खाली, की तो सगळा तिच्या एकटीच्या माथी. मल्टीमीटरवर २.७ व्होल्टच्या खाली दिसली तर बदला. ती संपली की तारीख मागे जाते आणि तारीख चुकीची असली की वेबसाइट उघडायला नकार देतात, हे बहुतेकांना माहीत असतं. फसवतं ते वेगळंच: बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमच्या, सेटिंग मूळपदावर जातात, त्यात हार्डडिस्कचा मोड (तिच्याशी बोलायची पद्धत) आयडीई की एएचसीआय हेही बदलू शकतं, आणि विंडोज एक्सपी किंवा ७ सुरू होता होता निळा पडदा टाकून थांबतं. त्यावरच्या लांबलचक आकड्याच्या शेवटी ‘७बी’ असेल तर विंडोज नव्याने टाकायच्या आधी बायोसमध्ये जाऊन तो मोड उलटा करून बघा.

बटण दाबल्यावर काहीच होत नसेल तर दोष बहुधा पॉवर सप्लायचा. त्याचा डबा मात्र घरी उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या नळकांडीसारख्या भागांत) वायर काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर वीज राहू शकते. बोर्डावरचे कपॅसिटर तेवढे पाहा: माथा सपाट हवा, फुगलेला किंवा तपकिरी डाग असलेला नको. चालू होऊन मिनिटाभरात बंद पडत असेल तर प्रोसेसरवरचा पंखा बघा. लाल मातीची धूळ त्यात घट्ट बसते, नाहीतर तो बोर्डाला धरून ठेवणाऱ्या चार पिनांपैकी एखादी सुटलेली असते.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो कॉम्प्युटरचा आजार नव्हे, घराला अर्थिंग नाही. कातळावरच्या घरांत ते नीट लागणं कठीणच, वायरमनला बोलवा.

हार्डडिस्क टक-टक वाजत असेल तर मात्र पुन्हा पुन्हा बटण दाबणं थांबवा. घरात मोलाचं तेवढंच आहे: लग्नाचे फोटो, स्कॅन केलेले सातबारे. डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या लॅपटॉपला जोडा आणि आधी तेच उतरवून घ्या. साडेतीन इंची डिस्कला अडॅप्टरसोबत १२ व्होल्टचा वेगळा चार्जर लागतो. नुसत्या यूएसबीवर ती फिरतच नाही आणि लोक ती मेली म्हणून फेकून देतात.