तुम्ही विचारलेत म्हणून: विमान गवतावर का उतरवले?

चवथीला म्हापशाच्या घरी माणसे जमली की कोणीतरी विचारतेच: जवळ डांबरी धावपट्टी असताना त्या दिवशी विमान गवतावर कशाला उतरवलेत? दाबोळी आणि मोपाचे विमानतळ पाहिलेल्यांना गवताची धावपट्टी म्हणजे नाइलाजाची जागा वाटते. मी उडायला शिकलो त्या दक्षिण इंग्लंडमध्ये अशा कितीतरी धावपट्ट्या रोजच्या वापरात आहेत. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेचे खाली झुकणारे पडदे, पूर्ण उघडून कमी वेगाने यायचे, मुख्य चाके हळुवार टेकवायची, योक, म्हणजे विमानाचे सुकाणू, मागे ओढून नाकाचे चाक शक्य तितका वेळ अधांतरी धरायचे आणि ब्रेक जपून वापरायचा, ही रीत मी अनेकदा नीट पाळली होती. त्यामुळे दोष गवताला दिला की मला अजूनही राग येतो.

त्या दुपारी सेसना १७२ या छोट्या विमानात शेजारी माझा आतेभाऊ होता. सकाळी पाऊस पडून गेला होता आणि धावपट्टी ६०० मीटरची होती. विमानाच्या पुस्तकाप्रमाणे पन्नास फुटांवरून थांबेपर्यंत सुमारे ४०० मीटर लागतात. ओल्या गवतासाठी ब्रिटनच्या हवाई प्राधिकरणाने सुचवलेला १.३५ चा गुणक मी लावला, ५४० आले, आणि मी निश्चिंत झालो. घट्ट जमिनीवर अगदी आखूड ओले गवत असेल तर गुणक १.६ पर्यंत जाऊ शकतो, हे मी परीक्षेसाठी वाचले होते. मेंढ्यांनी चरून तिथले गवत आखूड केलेले मला वरूनच दिसत होते. १.६ ने हिशेब ६४० मीटरचा होतो, आणि तो मी केला नाही.

वेग ६१ नॉट हवा होता, तो ६८ होता. थांबण्यासाठी जिरवावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे एवढ्याशा फरकाने सुमारे २४ टक्के. विमान टेकेना, जमिनीलगत तरंगतच राहिले. धावपट्टीच्या मध्यावरचा, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या विंडसॉकचा खांब खिडकीतून मागे गेला तेव्हाही चाके हवेतच होती. अखेर ती टेकली आणि मी ब्रेक दाबला. चाके फिरायची थांबली, विमान मात्र सरकतच राहिले; आषाढात तांबड्या चिखलावर स्कूटरचा ब्रेक दाबलेल्या गोंयकाराला हे अधिक सांगायला नको. आम्ही कुंपणात शिरलो. नाकाचे चाक मोडले, प्रोपेलर वाकला आणि आतेभावाचे मनगट मोडले.

खांब मागे पडताच इंजिनाची ताकद वाढवणारा थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलून पुन्हा वर जायला हवे होते, हे मला मान्य आहे. पण पुढे उंच झाडांची रांग होती, आणि पूर्ण फ्लॅप उघडे असताना हे विमान फार मंद चढते. फ्लॅप लगेच २० अंशांवर आणले असते तर झाडे पार झाली असती, असे एका अनुभवी प्रशिक्षकाने नंतर हिशेब करून दाखवले. कागदावर ते मला पटते. त्या दिवशीचा मी मात्र अजून झाडांकडेच बोट दाखवतो, आणि त्याला खोटे ठरवणे मला जमलेले नाही.

आतेभाऊ गवताबद्दल कधीच विचारत नाही. त्याचा प्रश्न एकच असतो: "खांब मागे गेला तेव्हा तुझा हात कुठे होता?" हात थ्रॉटलवरच होता. तो पुढे का गेला नाही, याचे उत्तर मी त्याला आजवर तीनदा दिले आहे, आणि तिन्ही वेळा ते वेगळे होते.