जुन्या संगणकातली पत्रे

विंडोज एक्सपीवर चालणारा घरातला जुना संगणक काढून टाकायचे ठरले, तेव्हा त्यातल्या फाइल्स नव्या संगणकावर आणणे हे एका दुपारचे काम आहे असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात त्यात दोन आठवडे गेले, आणि त्यातला फाइल्स कॉपी करण्याचा वेळ अगदी थोडा होता.

संगणक सुरू झाला तो भलतीच तारीख दाखवत. मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही नाण्याच्या आकाराची बॅटरी संपली की असे होते, आणि त्या स्थितीत एखादी फाइल उघडून सेव्ह केली तर तिच्यावर तीच खोटी तारीख बसते. म्हणून काहीही न उघडता आधी तारीख दुरुस्त केली.

पेनड्राइव्हचा नाद लवकरच सोडला, कारण जुन्या संगणकातल्या यूएसबी १.१ चा कमाल वेग सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे ४० जीबी माहितीला कागदावरच्या हिशेबानेसुद्धा सात तासांहून अधिक वेळ लागणार. दोन्ही संगणक नेटवर्कने जोडावेत, तर एक्सपीला एसएमबी या नेटवर्कवरून फाइल्स देण्याघेण्याच्या पद्धतीची फक्त पहिली आवृत्ती कळते आणि नव्या विंडोजमध्ये ती बंद असते. ती चालू करता येते, पण २०१७ मध्ये फाइल्स अडकवून खंडणी मागणारा वॉनाक्राय ज्या त्रुटीतून पसरला ती याच आवृत्तीतली होती, शिवाय एक्सपीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार एप्रिल २०१४ मध्येच संपलेला. तेव्हा तो मार्ग मला पटला नाही. शेवटी हार्डडिस्कच बाहेर काढली आणि आयडीई (जुन्या डिस्कची जोडणी) ते यूएसबी अडॅप्टरने नव्या संगणकाला जोडली. अशा साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात आणि साध्या यूएसबीतून तेवढे मिळत नाहीत, म्हणून अडॅप्टरसोबत वेगळा वीजपुरवठा असलेलाच घ्यावा लागतो. माझी डिस्क तरीही दिसेना; डिस्कची भूमिका ठरवणारी मागची छोटी पिनटोपी, म्हणजे जंपर, ‘स्लेव्ह’वरून ‘मास्टर’वर हलवली तेव्हा दिसली. फोल्डर उघडायला परवानगी नाकारली गेली, कारण जुन्या संगणकावरचे खाते नव्याला अनोळखी होते. फोल्डरची मालकी स्वतःकडे घेतल्यावर तेही मिटले.

खरा पेच पुढे होता. वडिलांनी टाइप केलेली पत्रे उघडली, तर मराठीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा कालवा. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरावीक संकेत देणारी पद्धत, रुळण्याआधीच्या मराठी फॉन्टमध्ये ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेलाच नसे; फाइलमध्ये एखाद्या रोमन अक्षराचा संकेत असे आणि फॉन्ट त्या जागी ‘क’चे चित्र काढी. फॉन्ट नसला की मागे उरतो तो मूळ संकेत. जुन्या डिस्कवरच्या विंडोज फोल्डरातल्या ‘फॉन्ट्स’मधून त्या फॉन्टची फाइल आणून बसवली आणि पत्रे वाचता आली. डिस्क पुसून टाकल्यावर हे सुचले असते तर त्याचा काही उपयोग नव्हता.

परंतु नुसते वाचता येणे पुरेसे नाही, कारण अशा मजकुरात एखादे नाव देवनागरीत शोधले तर सापडत नाही. त्यासाठी मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर वापरावा लागतो, आणि प्रत्येक फॉन्टची संकेतांची मांडणी निराळी असल्याने कन्व्हर्टरही त्याच फॉन्टचा हवा. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये नेमके उलट. त्यामुळे रूपांतरात या दोन ठिकाणी बऱ्याच चुका होतात. वडिलांच्या एका पत्रातला ‘कार्यक्रम’ असा काही मोडला होता की मूळ प्रतीवाचून तो ओळखताच आला नसता. म्हणून प्रत्येक पत्राची मूळ फाइल, तिचा फॉन्ट आणि रूपांतरित प्रत एकाच फोल्डरात ठेवतो आहे.

रोज दोन पत्रे तपासून होतात. निम्मी अजून बाकी आहेत, आणि तोवर डिस्क कपाटातच राहील.