34 व्या वर्षी लकवा

आज दिवसभर जळगावला दवाखान्यात होतो. मावसभाऊ, वय 34. सकाळी यावलला केळीचे घड कापताना चहाचा कप हातातून सुटला, जीभ जड झाली. सगळे म्हणाले, ऊन लागलं. कांदा फोडून नाकाला लावला, सावलीत झोपवलं. तीन तास तिथेच गेले. शेजारच्या खाटेवरच्या 76 वर्षांच्या आजोबांना मात्र घरच्यांनी लगेच आणलेलं. म्हाताऱ्या माणसाचं तोंड वाकडं झालं की लकवा, हे कुणीही ओळखतं. त्यांचे हृदयाचे ठोके अनियमित, तिथली गुठळी मेंदूत गेली. भावाच्या मानेतल्या रक्तवाहिनीचा आतला पदर फाटलेला, तिथे गुठळी झालेली. तरुणांत हे कारण जास्त सापडतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. आम्ही जेमतेम पोहोचलो. संध्याकाळी त्याची उजव्या हाताची दोन बोटं हलली. वहिनी ती बोटं धरूनच बसल्या आहेत.