आयलाला जायचे, पण बोटीच्या वाराने

स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिक महासागरात एक बेट आहे. इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे त्याचे नाव 'इस्ले' असे वाचावेसे वाटते, पण तिथली माणसे त्याला 'आयला' म्हणतात. मागच्या रविवारी घरी जेवताना "पुढच्या मे महिन्यात आपण आयलाला जाणार आहोत" असे मी जाहीर केले, तेव्हा आईने हातातला घास ताटात ठेवून माझ्याकडे असे पाहिले की मला नाव दोनदा फोडून सांगावे लागले. दाजींनी मात्र तेवढ्या वेळात तो शब्द आपल्या पद्धतीने चार वेळा उच्चारून घेतला.

बेत चौघांचा आहे: मी, सौ., ताई आणि दाजी. दाजी पुण्यात नोकरीला असताना गोल्फ शिकले आणि निवृत्त होऊन सोलापुरात परतल्यापासून त्यांची काठ्यांची पिशवी माळ्यावर पडून आहे. मला गोल्फमधले काही कळत नाही, पण व्हिस्कीत रस आहे, आणि तो पिण्याइतकाच ती कशी बनते यातही आहे. ताई आणि सौ. दोन्ही गोष्टींपासून दूर आहेत. त्यांना हिंडायचे आहे, आणि मे महिन्यात सोलापूरच्या 43 अंशांतून बाहेर पडणे हे त्यांच्या दृष्टीने पुरेसे कारण आहे.

पहिला आराखडा मी मोठ्या हौसेने केला आणि तो पूर्णपणे चुकला. नकाशावर बेटे जवळजवळ दिसतात, म्हणून मी आयला, जुरा, स्काय, हॅरिस आणि ऑर्कनी अशी पाच बेटे बारा दिवसांत बसवली होती. त्यासाठी आधी राहण्याच्या जागा शोधल्या आणि बोटींचे वेळापत्रक सर्वांत शेवटी उघडले. तेव्हा लक्षात आले की पश्चिम किनाऱ्यावरच्या बहुतेक बेटांवर कॅलेडोनियन मॅकब्रेन या कंपनीच्या बोटी जातात, त्यांच्यावर गाडी न्यायची असेल तर गाडीची जागा आधी राखून ठेवावी लागते, वारा फार असेल तर फेरी रद्द होऊ शकते, आणि एका बेटावरून दुसऱ्यावर जायला अनेकदा परत मुख्य भूमीवर यावे लागते. माझ्या आराखड्यात दोन ठिकाणी आम्ही बोट सुटून गेल्यावर धक्क्यावर पोहोचत होतो आणि एका ठिकाणी तर ज्या दिवशी बोटच नव्हती त्या दिवशी समुद्र ओलांडत होतो.

हे सगळे ऐकून सौ. म्हणाली, "अहो, पाण्याचा वार बघितल्याशिवाय आपण घरात पाहुणे तरी बोलावतो का?" सोलापूरकरांना हे वाक्य समजावून सांगायची गरज नाही. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावात धुणे, सत्यनारायण आणि साखरपुडासुद्धा पाण्याच्या वाराभोवती ठरतो. बोटीचा वार हा तसाच पाण्याचा वार आहे, असे एकदा मनाशी धरल्यावर आराखडा दोन संध्याकाळींत उभा राहिला. आधी बोटी ठरवायच्या, मग त्यांच्यामधल्या जागेत मुक्काम, मग मुक्कामांच्या मधल्या वेळेत डिस्टिलरी (म्हणजे व्हिस्की गाळण्याचा कारखाना) आणि गोल्फ, आणि प्रत्येक समुद्र ओलांडण्याच्या मागेपुढे थोडा मोकळा वेळ, हा क्रम आता पक्का आहे.

ऑर्कनी आणि स्काय पहिल्याच संध्याकाळी गळले. स्कायला 1995 पासून पूल आहे, त्यामुळे बोटीची कटकट नाही, आणि तिथली 1830 ची टॅलिस्कर डिस्टिलरी मला पाहायची होती. पण दक्षिणेकडच्या बेटांवरून तिथे जाणे आणि परत येणे यात दोन दिवस रस्त्यावर गेले असते. हॅरिस गळताना मात्र मला मनापासून वाईट वाटले. आमचे घर टॉवेलच्या धंद्यातले आहे, आणि हॅरिस ट्वीड हे कापड बाह्य हेब्रिडीज बेटांवरच्या रहिवाशांनी स्वतःच्या घरी, हाताने विणलेले असले पाहिजे असा 1993 चा ब्रिटिश कायदाच आहे. लोकरसुद्धा त्याच बेटांवर रंगवलेली आणि कातलेली लागते. वीजेच्या मागांनी हातमागाला कसे गिळले हे ज्या गावाने पाहिले आहे, तिथल्या माणसाला पायाने चालवायचा तो माग डोळ्यांनी पाहायला मिळाला असता तर काय हवे होते! पण दोन बोटी आणि तीन दिवस त्यासाठी निघत नव्हते, म्हणून हॅरिस पुढच्या खेपेला.

उरलेला मार्ग असा आहे. मुंबईहून दुबईमार्गे ग्लासगो, तिथे एक दिवस विश्रांती, मग भाड्याच्या गाडीने लॉक लोमंड सरोवराच्या कडेने आणि इन्व्हरेरीवरून किन्टायर या लांबट द्वीपकल्पाच्या टोकापर्यंत जायचे. तिथल्या कॅम्पबेलटाऊन गावात दोन रात्री राहायचे. एकेकाळी या एवढ्याशा गावात तीसपेक्षा जास्त डिस्टिलऱ्या होत्या. विसाव्या शतकात त्या एकामागून एक बंद पडल्या आणि स्प्रिंगबँक व ग्लेन स्कोशिया एवढ्या दोनच तगल्या. 1925 मध्ये बंद झालेली ग्लेनगाइल 2004 मध्ये पुन्हा सुरू झाली. गिरण्यांचे भोंगे बंद झालेले ऐकलेल्या माझ्यासारख्याला हे गाव परके वाटणार नाही असा माझा अंदाज आहे. स्प्रिंगबँक 1828 ची आहे, आणि बार्लीला मोड आणण्यापासून बाटली भरण्यापर्यंतचे सगळे काम ती एकाच आवारात करते, म्हणून तिचा फेरफटका मी सर्वांत आधी राखून ठेवणार आहे.

कॅम्पबेलटाऊनजवळच माक्रिहानिश आहे, आणि दाजींच्या दृष्टीने हा प्रवास तिथेच सुरू होतो. जुन्या काळचे प्रसिद्ध गोल्फपटू ओल्ड टॉम मॉरिस यांनी 1879 मध्ये या मैदानाची फेरआखणी केली. पहिल्याच फटक्याला चेंडू समुद्रकिनाऱ्याच्या वरून पलीकडच्या हिरवळीवर न्यायचा असतो, आणि ज्याला जितके धाडस तितका त्याने जास्त समुद्र तोडायचा. असे मैदान 'लिंक्स' म्हणवते, म्हणजे समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधली वाळूची, उंचसखल, झाडे नसलेली पडीक जमीन. इथे वारा हाच खरा प्रतिस्पर्धी असतो. चेंडू उंच मारला की वारा तो हवा तिथे नेऊन टाकतो, म्हणून बुटका आणि घरंगळता फटका लागतो. दाजी सध्या तो फटका गच्चीवर सरावतात. गच्चीवर वाळत घातलेल्या सांडग्यांचे त्यात एकदा नुकसान झाले, त्यानंतर ताईने त्यांना सकाळी सहा ते सात एवढीच वेळ दिली आहे.

किन्टायरवरच्या केनाक्रेग धक्क्यावरून बोट साधारण सव्वादोन तासांत आयलाच्या पोर्ट एलन गावी लागते. ग्लासगोहून छोटे विमानही आयलाला जाते आणि तासाच्या आत पोहोचवते, पण मग गाडी मागे राहते आणि समुद्रही नुसता वरून दिसतो.

पोर्ट एलनहून पूर्वेकडे रस्त्याच्या कडेने पायवाट निघते आणि तिच्यावर ओळीने लाफ्रॉइग, लागावुलिन आणि आर्डबेग या तीन डिस्टिलऱ्या येतात. सगळे अंतर पाच किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणून तो दिवस आम्ही पायीच ठेवला आहे. त्याला कारणही आहे. स्कॉटलंडमध्ये 2014 च्या डिसेंबरपासून गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम अल्कोहोल एवढी आहे, इंग्लंडमध्ये ती 80 आहे. आपल्याकडे ती 30 आहे, हा भाग वेगळा. बाकीच्या दिवशी सौ. गाडी चालवणार आहे. वाहने तिथेही डावीकडूनच चालतात, भारतीय परवान्यावर वर्षभर गाडी चालवता येते, आणि सात रस्त्याच्या चौकात रोज संध्याकाळी गाडी घालणारीला एकच गाडी मावेल अशा अरुंद रस्त्यावर समोरच्याला वाट देण्यात काय अवघड जाणार? अनेक डिस्टिलऱ्या चालकाच्या वाट्याची चव छोट्या कुपीत भरून बरोबर देतात. त्या कुप्यांवर दाजींचा डोळा आहे आणि ते त्यांनी लपवलेले नाही.

आयलाच्या व्हिस्कीला जो धुरकट वास असतो तो पीटचा. दलदलीत हजारो वर्षे कुजलेल्या गवत-शेवाळाचा तो थर. तो विटांसारखा कापून वाळवतात आणि मोड आलेली बार्ली त्याच्या धुरावर सुकवतात. लाफ्रॉइग आणि आयलावरचीच बोमोर या डिस्टिलऱ्या आजही थोडी बार्ली स्वतःच्या आवारात फरशीवर पसरून, उलथून, तिला मोड आणतात. मागच्या दिवाळीत माझ्याकडे लाफ्रॉइगची एक बाटली आली, तेव्हा आईने ग्लास नुसता हुंगून सांगितले, "हा ओल्या गोवऱ्यांचा धूर आहे, वर कुणीतरी आयोडीन ओतलंय." चव सांगणाऱ्या जाणकारांनी पानभर लिहिलेले मी वाचले आहे, पण याहून अचूक वर्णन अजून वाचनात आलेले नाही.

आमच्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची वाण नाही आणि मळीचा वास आम्हाला लहानपणापासून ओळखीचा आहे. आपल्याकडे व्हिस्की म्हणून जी विकली जाते तिच्यातल्या बऱ्याच मोठ्या हिश्शात त्या मळीचाच स्पिरिट असतो. स्कॉच मात्र धान्याचीच लागते, ती स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात किमान 3 वर्षे ठेवावी लागते आणि बाटलीत अल्कोहोल 40 टक्क्यांपेक्षा कमी चालत नाही. पिंपातून दरवर्षी साधारण 2 टक्के उडून जाते आणि तिथे त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. सोलापूरच्या उन्हात पिंप ठेवले तर देवदूत किती पितील याचा हिशेब दाजींनी वहीच्या मागच्या पानावर मांडला आणि घाबरून सोडून दिला.

आयलावर चार रात्री आहेत. एक दिवस माक्रीच्या गोल्फ मैदानाला, जे 1891 पासून आहे आणि विमानतळाच्या जवळ समुद्राला लागून आहे; दाजी खेळतील तेव्हा ताई आणि सौ. शेजारच्याच लांबलचक वाळूवर चालतील. त्यांच्यासाठी मी दोन जागा मुद्दाम शोधल्या आहेत. आर्डबेगच्या पुढे किल्डाल्टन येथे एकाच दगडातून कोरलेला आठव्या शतकातला उंच क्रूस उभा आहे, आणि बोमोर गावाच्या चढावर 1767 च्या सुमारास बांधलेले गोल चर्च आहे, ज्यात सैतानाला लपायला कोपराच मिळू नये म्हणून ते गोल केले असे सांगतात. ताईला ही कल्पना फार आवडली. कोपरे झाडण्याचा त्रास वाचतो, असे तिचे म्हणणे. एक दिवस जुराला: पोर्ट अॅस्केगहून छोटी बोट पाच मिनिटांत पलीकडे नेते, तिथे माणसे दोनशेच्या आसपास आणि हरणे हजारोंनी आहेत.

परतताना केनाक्रेगला उतरून आम्ही किन्टायरची अरुंद कंबर ओलांडू आणि क्लूनिगहून अर्ध्या तासाच्या बोटीने अॅरन बेटावर लॉकरान्झाला जाऊ. ही बोट सापडली तेव्हा मला खरा आनंद झाला, कारण आल्या वाटेने परत जाणे टळले. लॉकरान्झाची डिस्टिलरी 1995 ची आहे आणि धक्क्यापासून चालत जाण्याजोगी आहे, तर बेटाच्या पश्चिमेला शिस्किनचे गोल्फ मैदान नेहमीच्या अठराऐवजी 12 होलचे, म्हणजे चेंडू घालायच्या बारा खळग्यांचे, आहे. दाजींच्या गुडघ्यांना हा आकडा पसंत पडला.

दिवसांचे गणितही एकदा बदलले. आधी मी मेचा शेवटचा आठवडा धरला होता, पण त्याच सुमारास आयलावर फेश ईले हा व्हिस्की आणि संगीताचा उत्सव असतो आणि त्या दिवसांतल्या खोल्या लोक वर्षभर आधी धरतात. म्हणून आता दुसरा आठवडा. तेव्हा दुपारी 12 ते 15 अंश, सूर्यास्त रात्री सव्वानऊच्या पुढे, आणि चावणारी बारीक चिलटे अजून जोरात आलेली नसतात. व्हिसासाठी प्रवासाच्या तीन महिने आधीच अर्ज करता येतो, त्यामुळे फेब्रुवारीत चौघांनी पुण्याला जाऊन बोटांचे ठसे द्यायचे. येताना भारतात माणशी 2 लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येते. चौघांचे 8 लिटर झाले, असे दाजींनी लगेच सांगितले आणि ताईला प्रथमच या प्रवासातले आपले महत्त्व कळले.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी किती न्यायची यावर अजून एकमत नाही. बोटींच्या वेळांचा कागद सौ.ने फ्रिजवर, पाण्याच्या वारांच्या कागदाशेजारी, त्याच चुंबकाखाली लावून टाकला आहे. काल तिने बुधवारच्या केनाक्रेगच्या बोटीसमोर पेनाने लिहिले: "टाकी आदल्या रात्री भरणे". मी विचारले, कसली टाकी? म्हणाली, "पेट्रोलची. तुम्हाला काय वाटलं?"