स्लॅश कुठं गेला?

रात्रीचे साडेअकरा. सर्व्हरची डिस्क ९८ टक्के भरली होती. जुन्या फाइल्सची डिरेक्टरी उडवायची, एवढंच काम. मॅडम फोनवर होत्या, माझी स्क्रीन त्यांना दिसत होती.

मी आरएम, मायनस आरएफ (न विचारता सगळं खोडणारी कमांड), मग ‘यूपी’ ही दोन अक्षरं टाइप करून टॅब दाबला. पुढे ‘अपलोड्स’ उमटलं. नाव पूर्ण झालं असं मी धरलं, बोट एंटरकडे गेलं.

“थांब! एंटर मारू नकोस. शेवटी स्लॅश कुठंय?”

तिथे दोन डिरेक्टऱ्या होत्या: ‘अपलोड्स’ आणि ‘अपलोड्स-ओल्ड’. टॅब दोन्ही नावांत सारखा असलेला भाग भरतो आणि थांबतो. जुळणारं नाव एकच असतं, तर बॅशने, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांडा चालवणाऱ्या शेलने, डिरेक्टरीच्या नावाशेवटी स्वतःच स्लॅश लावला असता. तो नव्हता, म्हणजे निवड अजून बाकी होती. अशा वेळी टर्मिनल बेल वाजवतं, पण ऑफिसात आवाज बंद केलेला. त्या ‘अपलोड्स’मध्ये ग्राहकांनी दिवसभरात चढवलेली कागदपत्रं होती आणि बॅकअप आदल्या रात्रीचा. माझे हात गार पडले.

मी बॅकस्पेस दाबायला गेलो. “नको, ऑल्ट आणि हॅश दाब,” मॅडम म्हणाल्या. ओळीच्या सुरुवातीला हॅश लागला, ओळीची कॉमेंट झाली. काहीच चाललं नाही, तरी ओळ हिस्टरीत, म्हणजे आधीच्या कमांडांच्या यादीत राहिली. अर्धवट, धोक्याची कमांड बाजूला ठेवायला याहून चांगली कळ मला माहीत नाही. कंट्रोल-सीने ओळ सुटते, पण हिस्टरीत उरत नाही.

मग कंट्रोल-पीने तीच ओळ परत आणली, कंट्रोल-एने सुरुवातीला गेलो, ऑल्ट-डीने हॅश आणि आरएम एका दाबात खोडले. या कळा बॅशला रीडलाइन नावाच्या लायब्ररीकडून मिळतात आणि त्यांची घडण इमॅक्स या एडिटरची. जीडीबी हा डीबगरही रीडलाइनच वापरतो, म्हणून तिथेही हात तसाच चालतो. बाणांच्या कळांवर मी चार वर्षं काढली, हे आज मनाला फार लागतं.

उरलेली ओळ कंट्रोल-यू, कंट्रोल-केने साफ केली. होम डिरेक्टरीतल्या इनपुटआरसी या रीडलाइनच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये मॅडमनी एक ओळ लिहायला लावली: सेट शो-ऑल-इफ-अँबिग्युअस ऑन. कंट्रोल-एक्स, कंट्रोल-आर दाबून ती लागू केली. पुन्हा तीच दोन अक्षरं, पुन्हा टॅब. या वेळी दोन्ही नावं लगेच दिसली.

“आता ‘ओल्ड’ पूर्ण कर, आणि स्लॅश आला की मला सांग.”

“आला, मॅडम.”