सड्यावरच्या बियांसाठी मिळालेली फेलोशिप : माझा अनुभव

पीएचडी झाली आहे पण कायमची नोकरी अजून लागलेली नाही, अशा तरुण संशोधकांसाठी केंद्र सरकारची नॅशनल पोस्ट डॉक्टरल फेलोशिप आहे. खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या आपल्या मुलामुलींशी बोलताना जाणवतं, की हे पैसे बेंगळुरू-पुण्याच्या मोठ्या संस्थांतल्या लोकांसाठीच असतात असं बहुतेकांनी धरलेलं असतं. तसं नाही. मला ती मिळाली, आणि तीही आपल्याच तालुक्यातल्या दगडावर उगवणाऱ्या रोपांसाठी.

मुदत दोन वर्षं. वयाची अट ३५, पण बायकांना आणि राखीव गटांना पाच वर्षांची सवलत. लग्न आणि लेकीच्या जन्मानंतर माझी काही वर्षं घरात गेली होती, त्यामुळे ही सवलत नसती तर मला अर्जच करता आला नसता. महिन्याचं मानधन मिळतं, शिवाय संशोधनाच्या खर्चाला वर्षाला २ लाख. मी अर्ज केला तेव्हा योजना सर्बकडे, म्हणजे केंद्राच्या विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाकडे होती. पुढे २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन (एएनआरएफ) आलं आणि सर्ब त्यात विलीन झालं. त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नका, एएनआरएफची चालू जाहिरात वाचा.

आता विषय. आपल्या खानापूर तालुक्यात जांबोटीहून कणकुंबीकडे जाताना जांभ्याचे उघडे सडे, म्हणजे दगडी पठारं लागतात. वर मातीचा थर जेमतेम, त्यात नत्र कमी. म्हणून तिथे सीतेची आसवं ही कीटकभक्षी रोपं वाढतात. जमिनीखालच्या बारीक पिशव्यांत ती पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेतात, आणि ते ओढणं सेकंदाच्या हजाराव्या भागाइतक्या वेळात होतं. सोबत गेंदाची रोपं असतात. ही रोपं पावसाळ्यात उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि संपतात. उरलेलं वर्ष बी त्या तापलेल्या दगडाच्या खाचांत पडून राहतं.

माझा प्रश्न मला एका गुराखी मामांनी दिला. ते म्हणाले, "वळवानं खड्डं हिरवं होत न्हाईत बाई. मिरगाचं पाणी उभं ऱ्हायलं की मग हुतात." एप्रिल-मेमधल्या वळवाला बी रुजलं आणि नंतर महिनाभर ऊन पडलं, तर रोप मरणारच. मग बी थांबतं कसं? त्याला ओल लागते की साचलेलं पाणी? पावसाचं वेळापत्रक बदलत असताना हे कळणं गरजेचं आहे. हाच माझा प्रस्ताव झाला. पश्चिम घाटाची जैवविविधता वाचवण्याबद्दल मोठमोठी वाक्यं मी लिहिली नाहीत. दोन वर्षांत उत्तर मिळेल असा एकच प्रश्न धरला, आणि परीक्षकांना तेच पटलं असावं असं मला मनापासून वाटतं.

मार्गदर्शक शोधणं हा खरा घाट. ते कायमच्या पदावर हवेत, पीएचडी झालेले हवेत, आणि त्यांच्या संस्थाप्रमुखाची सही-शिक्क्याची संमती अर्जाला जोडावी लागते. मी कोल्हापुरातल्या एका मॅडमना एक पानाचं टिपण पाठवलं: प्रश्न काय, तुमच्या प्रयोगशाळेतलं काय वापरणार, माझं मी काय आणणार. त्यांच्याकडे बी रुजवायचा कक्ष होता, त्यामुळे महागडं यंत्र मागायची गरज पडली नाही. २ लाखांत ते बसलंही नसतं. पैसे गेले ओल आणि तापमान नोंदणाऱ्या लॉगरांवर, ट्रेंवर आणि प्रवासावर.

मंजुरी हिवाळ्यात आली. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती कोणत्याच सूचनापत्रात नसते. पावसावर काम असेल तर रुजू व्हायची तारीख मोसम बघून ठरवा. मी मार्चमध्ये रुजू झाले, म्हणून दोन्ही वर्षांचा वळीव आणि मिरग माझ्या हाती आला आणि नंतर लिहायलाही वेळ उरला. जुलैत रुजू झालं असतं तर दुसरा मिरग अगदी शेवटच्या महिन्यात आला असता.

परवानगीचंही तसंच. भीमगड अभयारण्याच्या आत काम करायचं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली मुख्य वन्यजीव संरक्षकांची परवानगी लागते. तो अर्ज मी लगेच केला, पण निम्मे नमुना-चौकोन, म्हणजे नोंदी घ्यायला आखलेले तुकडे, मुद्दाम मालकीच्या सड्यांवर ठेवले. तिथे जमीनमालकाचं संमतीपत्र पुरतं. शाळेत शिकलेलं कन्नड या सगळ्या कागदांच्या वेळी फार उपयोगी पडलं.

पहिलं वर्ष संपताना यूसी, म्हणजे खर्चाचा दाखला, आणि प्रगती अहवाल द्यावा लागतो. पुढचे पैसे त्यानंतर. लॉगर आणि ट्रे मी पहिल्याच हप्त्यातून घेऊन ठेवले होते, दुसऱ्या वर्षाला मुख्यतः प्रवास राहिला. हप्ता लांबला तरी वळवाच्या नोंदी चुकल्या नाहीत. हिशेब विभागातल्या कारकुनांशी पहिल्या आठवड्यातच ओळख करून घ्या, प्रत्येक बिल त्याच दिवशी द्या.

आपल्या भागातल्या कुणाला प्रस्तावाचा मसुदा वाचून हवा असेल, मग तो रसायनाचा असो की भौतिकचा, तर मी वाचून देईन. फक्त शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री पाठवू नका. संस्थाप्रमुखांच्या सहीलाच कित्येक दिवस जातात.